गारगोटीतून दिसतं, मग काळ्या पाषाणातून का दिसत नाही?

गेल्या उन्हाळ्यात माहेरी, जिंतूर तालुक्यात, भावाने विहीर खोदायला काढली. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग आपला नेहमीचा काळा पाषाण. सुरुंग लावायचा, फुटलेला दगड यारीने वर ओढायचा, असं काम चाललं होतं. चाळीसेक फुटांवर एका दगडाच्या पोटात पोकळी निघाली. डोकं आत जाईल एवढी, आणि आतून सगळी स्फटिकांनी मढलेली. कामावरच्या लोकांना त्याचं नवल नव्हतं, गारगोट्या त्यांनी पुष्कळ पाहिलेल्या. त्यांनी दोन चांगले तुकडे माझ्या भाच्याच्या हातात ठेवले. एक अंगठ्याएवढा, सहा कडांचा आणि टोकाला निमुळता. दुसरा तिरप्या कोपऱ्यांचा, एका बाजूला दाबून वाकडी केलेली काड्यापेटी असावी तसा.

पोरगं सहावीतलं. त्याने गारगोटी उन्हाकडे धरली, मग त्याच ढिगातली काळी खपली धरली आणि मला विचारलं, "आत्या, हे बी दगडच अन् ते बी दगडच. मग ह्याच्यातून दिसतंय अन् त्याच्यातून कामून दिसंना?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. पारदर्शक, अपारदर्शक, अर्धपारदर्शक या तीन व्याख्या मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिल्यात की झोपेतही सांगेन. पण व्याख्या म्हणजे उत्तर नव्हे. "ज्यातून प्रकाश आरपार जातो तो पदार्थ पारदर्शक" असं म्हटलं, तर पोराने विचारलेलंच मी त्याला परत सांगितलं असं झालं. म्हणून त्या दिवशी यारीच्या आवाजात अर्धवट राहिलेलं उत्तर इथे नीट लिहिते आहे.

आधी एक चुकीचं उत्तर बाजूला काढू, कारण ते फार जणांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. काचेत अणूंच्या मधे मोकळी जागा असते, प्रकाश त्या फटींतून निघून जातो. दगड दाट असतो, त्यात फटी नसतात, म्हणून तो अडतो. लहानपणी मलाही असंच वाटायचं. पण हिरा आणि पेन्सिलीतलं ग्राफाइट शेजारी ठेवून पाहा. दोन्ही निव्वळ कार्बन, दुसरं काही नाही. हिऱ्याची घनता साडेतीन, ग्राफाइटची सव्वादोनच्या आसपास. म्हणजे हिऱ्यात अणू जास्त दाटीने बसलेले आहेत, आणि तरी हिरा आरपार आणि ग्राफाइट काळंकुट्ट. फटींचा हिशेब इथेच मोडतो. शिवाय प्रकाशाची लाट काही बारीक सुईसारखी नसते. हिरव्या प्रकाशाच्या एका लाटेच्या लांबीत काचेतले हजारभर अणू सहज ओळीने मावतात. एवढ्या मोठ्या लाटेला दोन अणूंमधली फट कळतही नाही. ती फटीतून जात नाही, ती अख्ख्या पदार्थातून जाते.

मग खरा प्रश्न उलटा करून विचारायला हवा. पदार्थ प्रकाशाला अडवतो, तेव्हा तो नेमकं काय करतो?

अडवण्याचे दोन प्रकार आहेत, एक गिळण्याचा आणि एक विखरण्याचा. दोन्ही टळले तरच पदार्थ आरपार होतो.

गिळण्याचं काम इलेक्ट्रॉन करतात. अणूतल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जा हवी तेवढी, थोडी थोडी घेता येत नाही. त्याला ठरलेल्या पायऱ्यांवरच उभं राहता येतं. आमच्या तालुक्यात चारठाण्याला बारव आहे. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांनी तिच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणाव्यात. दीड पायरीवर कुणाला उभं राहता येत नाही, पाय एकतर या पायरीवर किंवा त्या. आता प्रकाशही ऊर्जा सुटी देत नाही, ती ठरलेल्या मापाच्या कणांनी देतो. त्या कणाला फोटॉन म्हणतात. लाल प्रकाशाच्या फोटॉनचं माप साधारण १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, जांभळ्याचं ३.१. या एककाचं नाव विसरलात तरी चालेल, आकड्यांची तुलना तेवढी लक्षात ठेवा. कारण शुद्ध गारगोटीतल्या इलेक्ट्रॉनला पुढची रिकामी पायरी गाठायला ९ च्या आसपास ऊर्जा लागते. ३ ची उडी मारून ९ ची पायरी चढता येत नाही. आणि आपल्या अंगणातल्या उन्हात तीन फोटॉननी मिळून एका इलेक्ट्रॉनला उचललं, असंही घडत नाही. ज्याची त्याने स्वतःच्या बळावर उडी मारायची असते. म्हणून डोळ्यांना दिसणारा कुठलाच रंग गारगोटीला गिळता येत नाही. तो तसाच पुढे जातो.

काळ्या पाषाणात मात्र लोखंडाची खनिजं खच्चून असतात. लोखंडाच्या अणूंमुळे मधे बुटक्या पायऱ्या तयार होतात, लाल, पिवळ्या, हिरव्या प्रत्येक फोटॉनला झेपतील अशा. प्रकाश आत शिरतो, इलेक्ट्रॉन वर चढतो, ऊर्जा शेवटी उष्णता होऊन दगडात मुरते. दुपारी काळ्या दगडाला हात लावून पाहिलेल्या कुणाला हे वेगळं सांगायला नको. धातूची गोष्ट आणखी निराळी. त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे असतात, पायऱ्यांऐवजी सलग उतार असतो. ते प्रकाशाबरोबर हलतात आणि बहुतेक प्रकाश पृष्ठभागावरूनच माघारी फिरवतात. तांब्या घासला की चकाकतो तो यामुळे.

पायऱ्यांचा हा हिशेब एकदा समजला की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. हिरव्या बांगडीच्या काचेत मिसळलेल्या धातूच्या अंशाने लाल आणि निळ्यासाठी पायऱ्या तयार केलेल्या असतात, हिरव्यासाठी नाहीत; म्हणून हिरवा तेवढा पार होतो. औषधाची बाटली तपकिरी असते, कारण औषध नासवणारा निळा-जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश तिने गिळावा. खिडकीची साधी काच डोळ्यांना आरपार दिसते, पण ऊन लागून कातडी भाजवणारे बहुतेक अतिनील किरण ती अडवते. कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरणही तेच. बाळाला कोवळं ऊन द्यायचं तर बंद खिडकीच्या काचेआडून देऊन उपयोग नाही, बाहेर आणायला हवं. आणि एप्रिलात बंद ठेवलेली चारचाकी भट्टी होते, त्यात एक भाग हवा कोंडल्याचा आणि दुसरा काचेचा. ऊन काचेतून आत येतं, पण तापलेल्या सीटमधून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांना तीच काच दगडासारखी अपारदर्शक असते. 'पारदर्शक' हा शब्द एकटा कधीच पुरा नसतो. कुठल्या प्रकाशाला पारदर्शक, हे विचारावंच लागतं.

आता थोडं अवघड, पण मला सगळ्यांत आवडणारं.

इलेक्ट्रॉन प्रकाश गिळत नाही म्हणजे तो काहीच करत नाही, असं नाही. प्रकाश ही विजेची आणि चुंबकत्वाची लाट आहे. हिरव्या प्रकाशात ती एका सेकंदाला ५०० लाख कोटींहून जास्त वेळा हेलकावते. ती गारगोटीत शिरली की वाटेतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला हिंदकळवते. नागपंचमीच्या झोक्याला भलत्याच वेळी धक्के देत राहिलं तर झोका उंच जात नाही, पण जागच्या जागी थरथरतो की नाही, तसं. हा थरथरणारा इलेक्ट्रॉन स्वतः एक बारीकशी लाट सोडतो. मूळ लाट आणि या कोट्यवधी बारीक लाटा एकमेकींत मिसळतात, आणि मिसळून जी लाट होते तिची शिखरं मूळ लाटेपेक्षा किंचित मागे पडलेली असतात. थरामागून थर हेच होत जातं. याचा एकूण परिणाम असा, की काचेत प्रकाश हळू चालतो. मोकळ्या अवकाशात त्याचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाखांच्या आसपास, साध्या काचेत दोन लाख, आणि हिऱ्यात फक्त सव्वा लाख.

बऱ्याच ठिकाणी असं सांगितलं जातं की अणू प्रकाश गिळतो, क्षणभर धरून ठेवतो आणि पुन्हा सोडतो, म्हणून उशीर होतो. हे बरोबर नाही. गिळून सोडलेला प्रकाश वाटेल त्या दिशेला सुटला असता आणि काचेपलीकडचं झाड झाडासारखं दिसलंच नसतं. काचेत कुणी थांबत नाही की कुणी वाट अडवत नाही. सगळ्या लाटांची बेरीजच मागे सरकलेली असते. म्हणूनच काचेबाहेर पडताक्षणी प्रकाशाचा वेग पुन्हा पूर्वीइतका होतो. बाहेर मिसळायला इलेक्ट्रॉन नाहीत, विषय संपला.

वेग बदलतो म्हणून तिरपा आलेला प्रकाश वळतो आणि बादलीत धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते. हे पुस्तकात असतंच. मला त्यातली एकच गोष्ट जोर देऊन सांगायची आहे, कारण आमच्या भागात आता शेततळी जागोजागी आहेत. वरून सरळ पाहिलं तर स्वच्छ पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच वाटतं. १२ फूट पाणी ९ फूट दिसतं, आणि काठावरून तिरपं पाहिलं तर त्याहूनही उथळ. तळ दिसतोय म्हणजे पाय टेकेल, असं पोरांना वाटतं. ते वाटणं खोटं आहे, आणि त्याचं कारण त्यांना कुणीतरी सांगितलेलं असलं पाहिजे.

या बारीक लाटांचं अजून एक काम राहिलंय. इलेक्ट्रॉन लाट सोडतो ती चारी बाजूंना. मग प्रकाश बाजूला का फाकत नाही, सरळच का जातो? कारण पदार्थ एकसारखा असेल, तर बाजूला जाणाऱ्या प्रत्येक लाटेला पुसून टाकणारी दुसरी लाट शेजारच्याच भागातून निघते. एकीचं शिखर तिथे दुसरीचा खळगा, दोन्ही मिळून शून्य. पुढच्या दिशेला मात्र सगळ्यांची शिखरं जुळत जातात. बाजूच्या लाटा पुसल्या जातात आणि पुढचीच उरते. मागे जाणाऱ्या लाटाही अशाच पुसल्या जातात. फक्त पृष्ठभागाच्या काठावर जोडीदार अपुरे पडतात, म्हणून काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. रात्री एसटीच्या खिडकीत आपलाच चेहरा दिसतो तो या चार-आठ टक्क्यांचा.

म्हणजे आरपार दिसायला दुसरी अट आली, पदार्थ एकसारखा हवा. आणि एकसारखा म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या मापाने एकसारखा. ते माप म्हणजे एका मिलिमीटरचा दोन हजारावा भाग.

भाच्याला हे शब्दांत पटेना. मग आईच्या डब्यातली खडीसाखर काढली. एक खडा उन्हाकडे धरला, स्वच्छ, मागचं बोट दिसतं. तोच खडा खलबत्त्यात कुटला. झाली पांढरीशुभ्र पिठी. साखर तीच, तिच्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही, तरी पारदर्शकपणा गेला. कुटल्यामुळे लाखो पृष्ठभाग तयार झाले, आणि प्रत्येक कणाच्या काठावर साखर संपून हवा लागते, हवा संपून साखर लागते. दर काठावर थोडा प्रकाश परततो, थोडा वळतो. असं शेकडो वेळा झालं की कुठून आला आणि कुठे चालला हे त्या प्रकाशालाही उरत नाही. सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून पिठी पांढरी. मग मी त्या पिठीवर चमचाभर गोडंतेल ओतलं. पांढरेपणा झपकन उतरला, पिठी मेणचट, अर्धी आरपार दिसायला लागली. तेलातला प्रकाशाचा वेग साखरेतल्या वेगाच्या जवळचा आहे. फटींतल्या हवेची जागा तेलाने घेतली की प्रकाशाला काठ जाणवतच नाही. वर्तमानपत्रावर भजी ठेवली की तेलाच्या डागातून मागची अक्षरं दिसतात, ती याच कारणाने. कागदाचे तंतू मुळात आरपारच असतात.

कापसाचंही तसंच. आपल्याकडे कापूस हे पांढऱ्याचं माप आहे, 'कापसासारखं पांढरं' असं आपण म्हणतो, पण कापसाच्या तंतूत पांढरा रंग नावाची वस्तूच नाही. एकेक तंतू बिनरंगी आणि काचेसारखा पारदर्शक असतो. पांढरेपण आहे ते तंतू आणि हवा यांच्यातल्या असंख्य काठांचं. पावसात भिजलेला कापूस मळकट दिसतो, बोंडाचा उजेडच जातो; त्यात मळ थोडा आणि पाणी जास्त असतं. हवेच्या जागी पाणी आलं, काठ बोथट झाले.

आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलं नसेल. त्यातली मोठी गार कुणी मधोमध फोडून पाहिली असेल तर आत कांद्यासारखे थर दिसले असतील, एक दुधी, एक स्वच्छ. ढगात गार वरखाली होताना जिथे पाणी तिच्यावर झटकन गोठलं तिथे हवेचे बारीक बुडबुडे अडकले, तो थर दुधी. जिथे सावकाश गोठलं तिथे हवा निघून गेली, तो थर काचेसारखा. फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्याचा मधला भाग पांढरा असतो तो याच हवेमुळे. आपल्या भाषेत आभाळातून पडणारी ती गार आणि जमिनीतून निघणारी ती गारगोटी. जुन्या ग्रीकांनीही तेच केलं होतं. त्यांचा बर्फाचा शब्द 'क्रिस्टॅलॉस' गारगोटीलाही लागला, कारण हा कधीच न वितळणारा बर्फ आहे असं त्यांना वाटे. इंग्रजीतला क्रिस्टल तिथूनच आला. दोन दूरच्या मुलखांतल्या माणसांनी एकाच गुणावरून दोन्ही वस्तूंना एक नाव दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता भाच्याचं उत्तर पुरं होतं. काळा पाषाण दोन्ही परीक्षांत नापास आहे. लोखंडाच्या खनिजांमुळे तो प्रकाश गिळतो, आणि चार-पाच प्रकारच्या खनिजांचे बारीक कण एकात एक गुंतल्यामुळे त्याला आतून असंख्य काठ आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि एकेक अणू जागेवर बसत स्फटिक वाढले. सावकाश, एकसारखे, लोखंडाशिवाय. म्हणून काळ्याच्या पोटात स्वच्छ.

लोखंड किती नडतं याची एक गोष्ट इथेच सांगून टाकते. काच आपल्याला नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातले काचेचे मणी सापडले आहेत. पण साध्या काचेची कड बाजूने पाहिली तर आजही हिरवट दिसते, ती वाळूबरोबर आलेल्या लोखंडाची. १९६० च्या दशकात चांगल्यात चांगल्या काचेतूनही प्रकाश काही मीटरांतच मंदावत असे. १९६६ साली चार्ल्स काव या अभियंत्याने मांडलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. मळ काढा, एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी दूरसंचाराचं काम होईल. १९७० मध्ये तशी काच झाली. आजच्या काचतंतूत एका किलोमीटरनंतर शंभरातले ९५ भाग उरतात. कावना २००९ मध्ये नोबेल मिळालं. रस्त्याकडेला चर खणून नारिंगी नळ्या पुरताना आपण पाहतो, त्यांच्या पोटात हीच काच असते. गावातला फोन तिच्यावरच चालतो.

हे सगळं मी भाच्याला सांगत होते तेव्हा आई ओसरीवर बसून ऐकत होती. तिने हात पुढे केला, गारगोटी डोळ्यांजवळ नेली आणि परत दिली. "मला तर समदंच धुकं पडल्यावानी दिसतंय," म्हणाली. ती हे वर्षभर म्हणत होती. समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडं दिसतं, डोळे दिपतात, असंही म्हणत होती. मी वर्षभर तिला पुढच्या सुट्टीचा वायदा देत होते.

डोळ्यातलं भिंग मसुरीच्या दाण्याच्या आकाराचं, पण त्याहून मोठं, साधारण ९ मिलिमीटर रुंद असतं. लेन्स हा शब्दच लॅटिनमधल्या मसुरीवरून आला. ते जिवंत पेशींचं असतं, आणि जिवंत पेशी आरपार असणं ही सोपी गोष्ट नाही. रक्त लाल, म्हणून भिंगात रक्तवाहिनी नाही. पोषण भोवतालच्या पाण्यातून येतं. पेशीतलं केंद्रक प्रकाश विखरतं, म्हणून भिंगाच्या पेशी वाढताना आपलं केंद्रक टाकून देतात. उरतं ते प्रथिनांचं दाट पाणी. ही प्रथिनं इतकी दाट आणि इतकी सारखी पसरलेली असतात की बाजूला फाकणाऱ्या लाटा एकमेकींना पुसतात, खडीसाखरेच्या अख्ख्या खड्यात होतं तसंच. पण केंद्रक गेलं म्हणजे दुरुस्तीही गेली. भिंगाच्या मध्यभागी असलेली प्रथिनं जन्माच्या आधीपासूनची असतात आणि मरेपर्यंत तीच. साठ-सत्तर वर्षांत ती उलगडतात, एकमेकींना चिकटतात, त्यांच्या गाठी होतात. गाठी प्रकाशाच्या लाटेच्या मापाला पोचल्या की विखुरणं सुरू. अंड्यातला बलक सोडून बाकीचा भाग कच्चा असताना आरपार असतो आणि उकडला की पांढरा होतो, तिथेही प्रथिनं अशीच उलगडून गुंततात. अंड्यात ते पाच मिनिटांत होतं, डोळ्यात आयुष्यभराने. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. उकडलेलं अंडं कच्चं करता येत नाही, तसं थेंब घालून मोतीबिंदू विरघळत नाही. आणि "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू" ही जुनी गोष्ट झाली. आताच्या शस्त्रक्रियेला पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. दिसायला अडचण व्हायला लागली की दाखवायचं.

धुरकट भिंग काढून त्या जागी काय बसवायचं, याचं उत्तर युद्धातून आलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत ॲक्रिलिकचे कण घुसले. हॅरोल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की डोळा या कणांना सहन करतो, चिडत नाही. १९४९ साली त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. या प्लॅस्टिकमध्ये दिसणाऱ्या प्रकाशासाठी पायरी नाही आणि आतून ते एकसारखं आहे. दोन अटी, दोन्ही पुऱ्या.

आईची शस्त्रक्रिया श्रावणात झाली. पट्टी काढल्यावर घरी येताना गाडीच्या खिडकीतून ती बराच वेळ वर पाहत होती. मग म्हणाली, "आभाळ लई निळं दिसायलंय गं." ते खरंच होतं. म्हातारपणी भिंग पिवळं पडत जातं, निळा रंग गिळायला लागतं, आणि ते इतकं सावकाश होतं की माणसाला कळत नाही. किती वर्षं तिने पुरतं निळं आभाळ पाहिलं नव्हतं, कोण जाणे.

दिवाळीत गेले तेव्हा तो दुसरा, तिरप्या कोपऱ्यांचा स्फटिक ओसरीच्या कोनाड्यात होता. तो गारगोटी नाही. लिंबू पिळलं तर त्यावर बारीक बुडबुडे येतात. तो कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं स्वच्छ रूप. आईने तो पंचांगावर ठेवला होता आणि मला हाक मारली, कारण त्याखाली प्रत्येक ओळ दोनदा दिसत होती. तिला वाटलं, डोळ्यात परत काही झालं. डोळा ठीक होता. कॅल्साइटच्या आत कार्बन आणि ऑक्सिजनचे सपाट त्रिकोण सगळे एकाच दिशेला तोंड करून, चळतीसारखे रचलेले असतात. इलेक्ट्रॉनला त्या सपाटीत हिंदकळणं सोपं आणि तिला आडवं हिंदकळणं अवघड. त्यामुळे प्रकाशाचे दोन भाग होतात, एक जास्त मंदावतो आणि दुसरा कमी, आणि दोघे वेगवेगळ्या वाटेने बाहेर येतात. डेन्मार्कच्या बार्थोलिनने १६६९ साली आइसलंडहून आलेल्या अशाच स्फटिकात हे पाहून लिहून ठेवलं होतं.

मी तिला तो पंचांगावर ठेवूनच हळूहळू गोल फिरवायला सांगितलं. तिने चष्मा न लावता, वाकून, बोटाने फिरवला. कार्तिक शब्दाची एक प्रत जागची हलली नाही. दुसरी तिच्याभोवती फिरत राहिली.